अठ्ठावीस मिनिटांचा एकटेपणा

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

श्रोतेहो, प्रेमाची गाणी आपण रोज ऐकतो. त्यांत विरहाची गाणीही पुष्कळ असतात. पण विरह आणि एकटेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विरहात कुणीतरी जवळ नसतं; ते माणूस परत आलं की विरह संपतो. एकटेपणाचं तसं नाही. घरात जीव लावणारी माणसं असतात, दार उघडं असतं, पान वाढलेलं असतं आणि तरीही माणूस एकटा असतो. अशा एकटेपणाची गाणी फार थोडी. आज मी ज्या इंग्रजी अल्बमविषयी बोलणार आहे, तो अशा गाण्यांचा आहे. त्याचं नाव ‘पिंक मून’, म्हणजे गुलाबी चंद्र. गीतकार, संगीतकार, गायक आणि गिटारवादक एकच : निक ड्रेक. १९७२च्या फेब्रुवारीत लंडनच्या आयलंड रेकॉर्ड्सने तो काढला. अकरा गाणी, आणि सगळी मिळून जेमतेम अठ्ठावीस मिनिटं.

निकचा जन्म १९ जून १९४८चा, रंगूनचा. वडील रॉडनी ड्रेक हे इंजिनिअर. ब्रह्मदेशातल्या सागवानाच्या व्यापारात मोठं नाव असलेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनमध्ये ते नोकरीला होते. ही कंपनी आपल्या मुंबईत १८६३ साली स्थापन झालेली. आईचं नाव मॉली. दुसऱ्या महायुद्धात जपानी फौजा ब्रह्मदेशात शिरल्या, तेव्हा मॉली आपल्या बहिणीबरोबर हिंदुस्थानात आल्या. दिल्लीच्या मुक्कामात या दोघी ‘लॉइड सिस्टर्स’ या नावाने ऑल इंडिया रेडिओवर गात असत. म्हणजे ज्या मुलाची गोष्ट मी सांगतो आहे, त्याच्या आईचा आवाज त्याच्या जन्माच्या काही वर्षं आधी आपल्या नभोवाणीवरून लोकांच्या घरांत पोचलेला होता! निकची थोरली बहीण गॅब्रिएल १९४४ साली लाहोरला जन्मली. पुढे ती अभिनेत्री म्हणून नावारूपाला आली.

निक लहान असतानाच हे कुटुंब इंग्लंडला परतलं आणि वॉरिकशरमधल्या टॅनवर्थ-इन-आर्डन या गावात राहू लागलं. घरात पियानो होता. मॉली स्वतः गाणी रचायच्या, पियानोवर म्हणायच्या आणि रॉडनी ती घरच्या टेपरेकॉर्डरवर मुद्रित करून ठेवायचे. ही गाणी मॉलींच्या हयातीत बाहेर आली नाहीत. १९९३ साली त्या गेल्या आणि २०१३ साली त्यांचा अल्बम सर्वांना ऐकायला मिळाला. तो ऐकताना आपण चमकतो. मुलाच्या सुरांतली ती हळवी, थोडी उदास वळणं आईकडून आलेली आहेत, हे सांगावं लागत नाही. हे सगळं अशासाठी सांगितलं की, निक ड्रेकच्या घरात प्रेमाची आणि संगीताची वाण नव्हती. हा मुद्दा पुढे महत्त्वाचा आहे.

केंब्रिजला इंग्रजी साहित्य शिकत असताना निक गाणी बांधू लागला. ‘फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट’ हा त्याचा पहिला अल्बम १९६९ साली आला आणि पदवी न घेताच त्याने केंब्रिज सोडलं. दुसरा अल्बम ‘ब्रायटर लेटर’ १९७१ साली आला. निर्माता जो बॉइड जाणकार होता, साथीला तंतुवाद्यं होती, नामांकित वादक होते. पण दोन्ही अल्बम खपले नाहीत. पहिल्या प्रकाशनाच्या वेळी त्याच्या एकाही अल्बमच्या पाच हजार प्रतीसुद्धा गेल्या नाहीत, असं सांगितलं जातं.

मैफलींनीही त्याला हात दिला नाही. निक गिटारच्या तारा नेहमीच्या स्वरांत लावत नसे. वेगवेगळ्या गाण्यांसाठी त्याची जुळणी वेगळी. त्यातून जे स्वर एकमेकांत मिसळतात, ते साध्या जुळणीत मिळत नाहीत. पण त्यासाठी दोन गाण्यांच्या मध्ये तारा पुन्हा लावाव्या लागत. आपल्याकडे गवई तंबोरे जुळवत बसला तर रसिक मुकाट्याने थांबतात, किंबहुना त्या जुळण्यातच रंगतात. तिथल्या क्लबांत आणि कॉलेजांत लोक गप्पा मारू लागत. गाण्यांच्या मध्ये दोन शब्द बोलून वेळ मारून न्यावी, तर हा मुलगा कमालीचा अबोल. १९७०नंतर त्याने मंचावर गाणं जवळपास सोडूनच दिलं. मोठेपणी गातानाचं त्याचं चलत्-चित्रण आज उपलब्ध नाही.

१९७१पर्यंत नैराश्याने त्याला गाठलं होतं. डॉक्टरांचे उपचार सुरू झाले होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तो लंडनच्या साउंड टेक्निक्स स्टुडिओत गेला. सोबत फक्त ध्वनिमुद्रक जॉन वुड. दोन रात्रींत काम संपलं. एक गळा, एक गिटार आणि पहिल्या गाण्यात पियानोचे मोजके स्वर, तेही निकनेच वाजवलेले. बाकी काही नाही. वाद्यवृंद नको, सजावट नको, हा त्याचाच आग्रह होता.

आता गाण्यांकडे येऊ. शीर्षकगीतातला चंद्र हा प्रेमिकांचा शीतल चंद्र नव्हे. तो येतो आहे आणि त्याच्या तावडीतून कुणी सुटणार नाही, अशी सूचना त्यात आहे; आणि ती इतक्या गोड चालीत की भीती वाटायला थोडा वेळ लागतो. ‘विच विल’ हे म्हटलं तर प्रेमगीत. पण त्यात प्रेमाची कबुली नाही, नुसते प्रश्न आहेत. तू कुणाला निवडशील, कुणावर जीव जडवशील, हे विचारणारा स्वतःचं नाव पुढे करत नाही. ‘हॉर्न’ला तर शब्दच नाहीत. सव्वा मिनिटाच्या आसपासची ती गिटार, त्यातही स्वरांपेक्षा मधली शांतता जास्त.

आणि ‘नो’ नावाचं एक गाणं आहे. ‘नो’ म्हणजे नकार नव्हे, ‘जाणून घे’ या अर्थाचा शब्द. गिटारचा एक छोटा तुकडा पुन:पुन्हा येतो, निक नुसता गुणगुणतो, आणि मग अवघ्या चार ओळी. एका ओळीत जवळीक, दुसरीत तुटलेपणा. पुन्हा जवळीक, पुन्हा तुटलेपणा. ‘पण’ नाही, ‘तरीही’ नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, एवढंच तो सांगतो. माझ्या मते या अल्बमचं सगळं सार त्या चार ओळींत आहे. आपण समजतो की प्रेम मिळालं की एकटेपणा आपोआप विरघळेल. हे गाणं म्हणतं, तसं होतंच असं नाही. माझं तुझ्यावर प्रेम असू शकतं, आणि तरीही मी तुझ्यापर्यंत पोचू शकत नाही, असंही असू शकतं.

२५ नोव्हेंबर १९७४ रोजी, आईवडिलांच्या घरी, नैराश्यावरच्या गोळ्या प्रमाणाबाहेर पोटात गेल्याने निक ड्रेकचा मृत्यू झाला. वय सव्वीस. आत्महत्या, असा चौकशीचा निर्णय झाला; जवळच्या सगळ्यांनाच तो पटला असं नाही. तेव्हापासून ‘पिंक मून’ म्हणजे मरणाआधीची चिठ्ठी, असं ऐकण्याची रीत पडली. मला ती मान्य नाही. अल्बम मृत्यूच्या तीन वर्षं आधी मुद्रित झाला. त्यातलं ‘थिंग्ज बिहाइंड द सन’सारखं गाणं त्याच्याही आधी बांधलेलं होतं. १९७४ साली निक पुन्हा स्टुडिओत गेला आणि त्याने आणखी काही गाणी मुद्रित केली. शिवाय बोटं पाहा. तारांवरचा एक आघात इकडेतिकडे नाही, लय तसूभर ढळत नाही. दु:खाने कोसळलेल्या माणसाचं हे बडबडणं नव्हे. आपल्या दु:खाला नीट आकार देणाऱ्या कलावंताचं हे काम आहे. आजार त्याला होता, पण गाणी आजाराची नाहीत. आणि अल्बम संपतो तो रात्रीत नाही. शेवटचं गाणं सकाळचं आहे, उजाडल्याचं, प्रसन्न. टॅनवर्थच्या चर्चच्या आवारात निकची समाधी आहे, तिच्या दगडावर घरच्यांनी याच गाण्यातली ओळ कोरून घेतली.

रॉडनींनी त्या वर्षांत दैनंदिनी लिहिली होती. तिचे उतारे २०१४ साली गॅब्रिएल यांच्या पुढाकाराने निघालेल्या ‘रिमेम्बर्ड फॉर अ व्हाइल’ या पुस्तकात आले आहेत. त्यांत मुलाचा आजचा दिवस कसा गेला, याची काळजीने केलेली नोंद आहे. या आईवडिलांनी काही कमी केलं नव्हतं. आपल्याकडे घरातलं एखादं मूल असं मिटत गेलं की आपण लगेच दोष शोधतो. आईबापांचं लक्ष नसेल, प्रेम कमी पडलं असेल, नाहीतर पोरगंच कृतघ्न असेल. निकची गोष्ट या तिन्ही उत्तरांना खोटं ठरवते. प्रेम औषधाची जागा घेऊ शकत नाही. पण म्हणून ते वायाही जात नाही. त्या घराने त्याला आईची गाणी दिली, आणि परतायला एक जागा दिली.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. १९९९च्या अखेरीस अमेरिकेत फोक्सवॅगन मोटारीच्या एका जाहिरातीत ‘पिंक मून’ वाजलं आणि लोक दुकानांत तो अल्बम मागू लागले. जो हयातीत पाच हजार लोकांपर्यंत पोचला नाही, त्याला आज जगभर माणसं ऐकतात. त्यातली बहुतेक एकेकटी ऐकतात, रात्री, दिवा मालवून. एका माणसाने बंद स्टुडिओत गायलेला एकटेपणा दुसऱ्याला सोबत करतो, हे गाण्याचं मोठंच काम म्हटलं पाहिजे.

श्रोतेहो, अठ्ठावीस मिनिटं काढा आणि हा अल्बम सलग ऐका. मधेच थांबवू नका. नाहीतर सकाळचं गाणं राहून जाईल. आणि आपल्या घरात कुणी हल्ली फार गप्प असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसा. गरज दिसली तर डॉक्टरांकडे न्यायला संकोचू नका. पण सारखं ‘काय झालं’ म्हणून विचारत राहू नका. तारा जुळवायला कुणाकुणाला वेळ लागतो.