पिठाची गोळी राहू द्या

तीन दिवसांचा नातू मांडीवर घेऊन हिवरखेडची एखादी आजी विचारते, "डॉक्टरसाहेब, पोराच्या आंगावर हे लाल लाल काहून उठलं जी?" आणि उत्तरही तीच देऊन टाकते, "सुनेनं वांगं खाल्लं असंन."

आधी सुनेची सुटका करतो. मधोमध पिवळसर ठिपका असलेले हे लाल चट्टे पूर्ण दिवसांच्या जवळजवळ निम्म्या बाळांना उठतात आणि आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप जातात. वांग्याचा त्यात काही दोष नाही. नाकावरचे पांढरे दाणेही तसेच. कमरेखालचा निळा डाग म्हणजे मुका मार नव्हे, तो शेकू नका.

आता घामोळ्या. वैशाखात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो. तरी बाळंतिणीची खोली बंद, बाजेखाली शेगडी, बाळाला टोपडं आणि वर घट्ट दुपटं! नवजात बाळाच्या घामाच्या नळ्या कच्च्या असतात, त्या बुजतात आणि पुरळ येतं. पावडर थापली की घड्यांत तिचा चिखल होतो, शिवाय ती श्वासातून आत जाते. खिडकी उघडा, सैल सुती झबलं घाला. कापूस आपल्याच शिवारात पिकतो, आणि बाळाच्या अंगावर मात्र नायलॉन!

जन्मतः अंगावर असलेला पांढरा चिकटा हे बाळाचं कवच आहे. तो खरवडू नका. पहिली आंघोळ चोवीस तासांनंतर घाला. लव काढायला पिठाची गोळी घासू नका, लव आपोआप गळते. वर मेळघाटात पोट फुगलं म्हणून तापल्या विळ्यानं डंबा, म्हणजे पोटावर चटका, देतात, तेव्हा आपण हळहळतो. पण पिठानं कोवळं अंग सोलणं हे त्याचंच धाकटं भावंड आहे, असं मला वाटतं.

मात्र पुवाचे दहाएक फोड किंवा एकच मोठं गळू दिसलं, बेंबीभोवती लाली आली, बाळ दूध ओढेना, अंग तापलं किंवा गार पडलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

दवाखान्यात बाळंतपण झालं असलं, तरी आशाताई तिसऱ्या, 7व्या, 14व्या, 21व्या, 28व्या आणि 42व्या दिवशी घरी येते. नवजात बाळाला घरीच जाऊन तपासण्याची ही रीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत घडवली. ताई आली की "झोपलंय" म्हणून दुपट्यातलं नुसतं तोंड दाखवू नका. झबलं काढा. काखा, मानेच्या घड्या, जांघा दाखवा. फोड तिथंच लपलेले असतात.