बस्करपट्टीच्या जागी आलेली चटई
(भुसावळ तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पूर्वी खेड्यातील शाळेत मुले तागाच्या बस्करपट्टीवर बसत. आता पुष्कळ वर्गांत रंगीत प्लास्टिकची चटई अंथरलेली दिसते. ही कोठून आली, असे मुलांस विचारले तर ती दुकानाचे नाव सांगतील. परंतु खानदेशातील अशी चटई बहुधा जळगावच्या औद्योगिक वसाहतीत विणलेली असते, आणि कुणीतरी टाकून दिलेले तुटके डबे, टोपणे व बादल्या तिच्या धाग्यात वितळून गेलेल्या असतात, हे शिक्षकासही पुष्कळदा ठाऊक नसते. वस्तुपाठासाठी याहून जवळची वस्तू सापडणे कठीण. मुले तिच्यावरच बसलेली असतात.

चटईपर्यंतचा प्रवास असा आहे. भंगारवाल्याने आणलेला माल प्रथम जातवार निवडला जातो. मग तो धुऊन, यंत्रात बारीक तुकडे करून, तापलेल्या नळकांड्यात वितळविला जातो. त्यातून निघणारे दोर पाण्यात थंड करून कापले, की ज्वारीच्या दाण्याएवढा माल तयार होतो. त्याला व्यवहारात ‘दाणा’ असेच म्हणतात. हा दाणा पुन्हा वितळवून त्याचे लांब धागे ओढतात व मागावर चटई विणतात. या साऱ्या खटाटोपात यंत्राचा भाग सोपा आहे, निवडीचा अवघड. चटईचे प्लास्टिक सुमारे १६० अंश सेल्सियसला वितळते, पाण्याच्या बाटलीचे सुमारे २५० अंशांना. आणि नळाच्या पाइपाचे प्लास्टिक तितकी उष्णता सोसण्यापूर्वीच कुजून आम्लाची वाफ सोडते. एका जातीत दुसरी मिसळली की सारा घाणा बिघडतो. म्हणून कारखान्याचे यश कारखान्यात ठरत नाही, तर घराच्या व शाळेच्या केरसुणीपाशी ठरते.

भुसावळ, यावल, रावेर या केळीच्या पट्ट्यात याचे उत्तम उदाहरण आहे. ठिबकच्या जुन्या काळ्या नळ्या शेतकरी कधी फेकून देत नाही. त्यांना वजनावर भाव मिळतो, आणि त्या गोळा होऊन पुन्हा वितळविल्या जातात. परंतु त्याच शेताच्या बांधावर खाऊची चकचकीत पाकिटे वर्षानुवर्षे पडून असतात. त्यांत निरनिराळ्या जातींचे पातळ थर एकमेकांस चिकटविलेले असतात. ते वेगळे करणे परवडत नाही, म्हणून भंगारवाला त्यांकडे पाहत नाही. शेतकरी एका वस्तूबाबत जागरूक व दुसरीबाबत बेफिकीर असतो असे नव्हे. जिला भाव आहे ती वस्तू आपोआप उचलली जाते, इतकेच.

ज्याला भाव नाही त्याचे काय होते? सकाळी परिपाठापूर्वी मुले मैदान झाडतात, केर शाळेमागे नेतात, आणि कोणीतरी काडी लावतो. ही गोष्ट स्पष्ट बोलणे भाग आहे, कारण ती शिक्षकाच्या डोळ्यांदेखत, नव्हे, पुष्कळदा त्याच्या सांगण्यावरून घडते. पाइपाच्या जातीचे प्लास्टिक केरात जळते तेव्हा हायड्रोक्लोरिक आम्लाचा धूर निघतो आणि डायॉक्सिन नावाची विषारी द्रव्ये तयार होतात. तो धूर खिडकीतून ज्या वर्गात येतो, त्यात बहुधा पहिलीची मुले बसलेली असतात. स्वच्छतेच्या नावाखाली चाललेला हा प्रकार त्वरित थांबला पाहिजे. त्यासाठी परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही.

निवड शिकविण्यास एक बादली पाणी पुरते. पाण्याच्या बाटलीचा एक तुकडा, तिच्या टोपणाचा एक, ठिबकच्या नळीचा एक आणि नळाच्या पाइपाचा एक, असे चार तुकडे कापावेत. काय तरंगेल व काय बुडेल, हे मुलांकडून आधी वदवून घ्यावे व फळ्यावर लिहावे. मग तुकडे पाण्यात सोडावेत. टोपण व नळी तरंगते. बाटली व पाइप बुडतो. एकाच बाटलीचे दोन भाग दोन वाटांनी जातात, याचे मुलांस मोठे नवल वाटते. तुकड्याला हवेचा बुडबुडा चिकटला तर बुडणाराही तरंगतो; म्हणून ओल्या बोटाने तो चोळून घ्यावा. कारखान्यांत धुण्याच्या हौदात हीच युक्ती वापरतात. घनतेचा धडा निराळा शिकविण्याची मग फारशी गरज उरत नाही.

या व्यवसायाची एक कथा तर शिक्षणखात्याच्याच अंगणातली आहे. १९९० च्या सुमारास पुण्यातील श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातील कार्यकर्त्या कचरा वेचणाऱ्या मुलांस अक्षरओळख करून देण्यास गेल्या. मुलांबरोबर त्या फेरीवर हिंडल्या, तेव्हा त्यांना दिसले की सुका कचरा घरातच वेगळा मिळाला तर उकिरडा उपसण्याचे कष्ट वाचतील व कमाईही वाढेल. त्यातून १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या साहाय्याने ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. पाटीपेन्सिल घेऊन गेलेल्यांना आधी कचऱ्याचा प्रश्न सोडवावा लागला! खेड्यातील वर्गातही भंगार वेचणाऱ्या घरातले मूल असू शकते. ‘कचरेवाला’ हा शब्द वर्गात शिवीसारखा वापरला जात असेल तर शिक्षकाने तो तेथेच अडवावा. प्लास्टिक कोणते, हे ओळखण्यात ते मूल वर्गात पहिले येण्याचा संभव आहे. वरील प्रयोगात त्यालाच पुढे बोलवावे.

‘टाकाऊतून टिकाऊ’च्या स्पर्धांविषयी मात्र थोडे सावध असावे. फुलदाणीसाठी मुलाने नवी बाटली विकत आणली, आणि पंधरा दिवसांनी ती चमकी व डिंकासह केरात गेली, असे होते. रंग व डिंक लागलेली बाटली मग भंगारवालाही घेईनासा होतो. शिवाय पुनर्वापर म्हणजे जादू नव्हे. दर वेळी वितळविताना प्लास्टिकचा कस उतरतो. चटईची पुन्हा तशीच चटई सहसा होत नाही. मदुराईचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी तापलेल्या खडीवर प्लास्टिकचा लेप देऊन डांबरी रस्ते करण्याची रीत काढली, व त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. पातळ पिशव्यांसारख्या हलक्या मालाला तेथे वाट मिळते. परंतु पाइपाच्या जातीचे प्लास्टिक तेथेही वर्ज्यच आहे. त्याच वर्षी २३ मार्च रोजी महाराष्ट्र शासनाने प्लास्टिक पिशव्यांवर बंदी घातली. शाळेच्या दृष्टीने खाऊसाठी डबा व बाजारासाठी कापडी पिशवी, ही त्या बंदीची साधी अंमलबजावणी होय.

प्रत्यक्ष व्यवस्थेस दोन पोती पुरतात: एक बाटल्यांचे, एक टोपणे व जाड डब्यांचे. मुलांनी घरून धुऊन-वाळवून आणलेलेच घ्यावे. गटारातील किंवा उकिरड्यावरील वस्तू उचलण्यास त्यांस कधीही पाठवू नये. पोते भरले की चौथीच्या मुलांनी भंगारवाल्यासमोर वजन पाहावे, भावाने गुणावे व रक्कम वहीत लिहावी. पाकिटांना भाव येणार नाही. ती कोरडी ठेवून ग्रामपंचायतीच्या सुक्या कचऱ्याच्या गाडीत द्यावीत, आणि गाडी येत नसेल तर तसे ग्रामपंचायत अधिकाऱ्यास लेखी कळवून त्याची प्रत शाळेत ठेवावी.