पुस्तकातल्या गावाला जाऊन आले
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषण करण्याची सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. आमच्या खेड्यात शाळाच तेवढी होती. पुढे शिकायचे तर दारव्ह्याला जावे लागे, आणि मुलीला रोज कोण पाठवणार? पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही अमेरिकेला जाऊन आलात, ते सांगा." म्हणून उभी राहिले आहे.

मी गेले ते मुलीच्या बाळंतपणाला. ती न्यू जर्सीत एडिसन गावी राहते. डिंक, अळीव, मेथ्या बांधून नेले. तिकडे दुकानात हे सगळे मिळते असे जावईबापू फोनवर सांगत होते, पण आईला ते पटते का?

आनंदीबाई जोशींची गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलेली आहे. आमच्या बाई मराठीच्या तासाला ती फार रंगवून सांगत. फिलाडेल्फिया हा शब्द त्यांनी आम्हांला पाटीवर दहा वेळा लिहायला लावला होता. जकार जोडून, लकार जोडून कोणी काय लिहिले ते विचारू नका! मला तेव्हा वाटे, हे गाव पुस्तकातच असते. यवतमाळ पाहिले नव्हते, तिथे फिलाडेल्फिया कुठले!

एडिसनला गेल्यावर जावईबापू सहज म्हणाले की फिलाडेल्फिया मोटारीने दीड तासावर आहे, आणि आनंदीबाई ज्या कार्पेंटरबाईंकडे उतरल्या त्यांचे रोझेल गाव तर त्याहूनही जवळ. माझ्या हातातली पळी तशीच राहिली.

त्या कार्पेंटरबाईंची हकीकत सांगण्याजोगी आहे. गोपाळराव जोशी पोस्टखात्यात होते. बायकोला अमेरिकेत शिकवावे म्हणून त्यांनी एका मिशनरी गृहस्थांना पत्र लिहिले. त्यांनी उत्तर दिले की तुम्ही ख्रिस्ती व्हा. ते गोपाळरावांना मान्य नव्हते. पण तो पत्रव्यवहार तिकडच्या मासिकात छापून आला आणि १८८० साली एका दातांच्या डॉक्टरकडे पाळी येण्याची वाट पाहत बसलेल्या कार्पेंटरबाईंच्या हाती ते मासिक पडले. न पाहिलेल्या मुलीला त्यांनी पत्र घातले. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. आपण दवाखान्यात जुने अंक चाळतो, त्यातून कोणाचे नशीब उघडेल सांगता येत नाही.

आनंदीबाई ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. जवळजवळ दोन महिने, नवरा बरोबर नाही, वय अठरा. जाण्यापूर्वी श्रीरामपूरच्या कॉलेजात भर सभेत त्यांनी सांगितले होते की हिंदू म्हणून जाते आणि हिंदू म्हणूनच परत येईन. मी विमानात सोळा तास बसले तर पाय सुजले म्हणून कुरकुरत होते.

त्या का गेल्या हे शाळेत एका वाक्यात आटपत. त्यांना चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. डॉक्टर बाई असती तर, हे त्यांच्या मनाने घेतले. पाटीवर गाव लिहिताना त्या दहा दिवसांचा अर्थ आम्हां मुलींना काय कळणार? मला तो पुढे कळला. माझा पहिला मुलगा नवव्या दिवशी गेला. श्रावण होता, नाल्याला पूर होता, तापलेले पोर मांडीवर घेऊन आम्ही या काठावर पाणी उतरण्याची वाट पाहत बसलो. अधिक सांगत नाही.

मुलीची सुटका नीट झाली. डॉक्टर बाईच होत्या. जावई आत खोलीत उभे! दोन दिवसांत घरी पाठवले, तेही मोटारीत बाळाची वेगळी खुर्ची बसवलेली असली तरच. शेक-शेगडीचे नाव नाही. मी मात्र तेलाने अंग चोळायचे सोडले नाही.

बाळ अडीच महिन्यांचे झाल्यावर फिलाडेल्फियाला गेलो. ते स्त्रियांचे वैद्यकीय कॉलेज १८५० साली निघाले. १९७० पासून तेथे मुलगेही घेऊ लागले आणि आता ते ड्रेक्सेल विद्यापीठात मिळाले आहे. आनंदीबाईंना ११ मार्च १८८६ ला पदवी मिळाली तेव्हा पंडिता रमाबाई समारंभाला हजर होत्या. प्रबंध कशावर लिहिला, तर आपल्याकडील जुन्या प्रसूतिशास्त्रावर. शहर मोठे, गर्दीचे. मला विशेष काही वाटले नाही.

पोकिप्सीला मात्र वाटले. हडसन नदीकाठचे हे गाव. आनंदीबाई क्षयाने खंगून परत आल्या, कोल्हापूरच्या इस्पितळात नेमणूक झालेली, पण ती जागा काही त्यांना सांभाळता आली नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. गोपाळरावांनी रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवली आणि त्यांनी ती तेथल्या स्मशानभूमीत आपल्या कुटुंबाच्या जागेत ठेवली. आपल्याकडे रक्षा नदीत सोडतात. ही समुद्र ओलांडून मावशीकडे गेली.

दगडावरची अक्षरे मी स्वतः वाचली. तीन वर्षांचे इंग्रजी तेवढे पुरले. नाव, एम. डी., साल, आणि शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, असे लिहिले आहे. एम. डी. लिहिल्यावर जात कशाला, असे मला तरी वाटले. मी हळदकुंकू वाहिले. कापूस आमच्या शेतातला, त्याचे वस्त्र घरूनच करून नेले होते, तेही ठेवले.

मुलगी म्हणाली, "आई, तू रडतेस का?" तेव्हा तिला तिच्या भावाचे सांगितले. पंचवीस वर्षांची झाली, पण तिला माहीत नव्हते. ती काही बोलली नाही. बाळाला माझ्या हातात दिले आणि माझ्या पदराचे टोक धरून उभी राहिली. थंडी फार होती, बाळ किरकिरू लागले, मग आम्ही मोटारीत जाऊन बसलो.

श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही १९६८ सालची कादंबरी आपल्या मंडळाच्या कपाटात आहे. कादंबरी आहे, तेव्हा त्यातले सगळेच घडले असे धरू नये. सध्या ती माझ्याकडे आहे. ज्यांना हवी त्यांनी सोमवारनंतर न्यावी.