ठळक, तिरपें आणि बिननखी अक्षर



अंबरनाथच्या शिवमंदिरांत शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा, शिलाहार राजा माम्वाणि याच्या काळचा शिलालेख आहे. तो पाहून बाहेर बाजारांत आलें म्हणजे पाट्यांवर दुसरीच अक्षरें भेटतात : जाड, एकसारख्या रेघेचीं आणि उजवीकडे कललेलीं. इंग्रजींत या वळणास बोल्ड इटॅलिक सॅन्स-सेरिफ म्हणतात.

रोमन अक्षरांच्या टोकांना जी बारीक नखी असते ती सेरिफ. ती छाटून टाकलेला पहिला छापील ठसा लंडनच्या कॅस्लन ओतशाळेनें १८१६ त दाखविला. तिरपें अक्षर त्याहून जुनें. व्हेनिसच्या आल्डसनें १५०१ मध्यें ग्रिफोकडून तें कोरवून घेऊन खिशांत मावणारे ग्रंथ छापले. तें हातच्या वळणावरून घेतलेलें होतें, त्यामुळें त्याची घडणच वेगळी. बिननखी ठशांत मात्र बहुधा उभें अक्षरच कलतें केलेलें असतें.

आमच्याकडे ही परंपरा नव्हती. पोथींत महत्त्वाच्या शब्दावर गेरू फिरवीत. छापखान्यांत ठळक खिळे जुळवीत. आतां संगणकावर मराठी अक्षर कळ दाबतांच कलतें, आणि घोटाळा तेथेंच होतो. काने कलतात, शिरोरेघ आडवीच राहते. गोलाव्यांस पीळ पडतो आणि वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन आदळते. जाडी वाढवितांना तर अधिकच जपावें लागतें. बोरूच्या तिरप्या कापामुळें नागरींत जाड-बारीक भेद आला. सर्व रेघा सारख्याच फुगविल्या कीं ‘क्ष’, ‘द्ध’, ‘ह्म’ यांच्या पोटांतला पांढरा भाग बुजतो. माझ्या मतें ठसा घडविणाऱ्यानें आधीं हा पांढरा भाग राखावा, सांध्यापाशीं रेघ बारीक करावी आणि शिरोरेघ कान्याहून थोडी हलकी ठेवावी. हें साधतें : २०१४ त इंडियन टाइप फाउंड्रीनें काढलेल्या ‘पॉपिन्स’ ठशांत निनाद काळे यांनीं देवनागरीला ठळकपणाच्या अनेक पायऱ्या दिल्या, आणि त्याचे तिरपे प्रकारहि आहेत.

असें अक्षर मथळ्यास, जाहिरातींतल्या एखाद्या शब्दास शोभतें. परिच्छेदच्या परिच्छेद त्यांत छापणें म्हणजे वाचकाशीं सतत ओरडून बोलणें.

२०२२ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रांत दुकानाच्या पाटीवरील मराठी अक्षर इतर लिपींतील अक्षराहून लहान चालत नाहीं. कायदा आकार मोजतो, घडण मोजीत नाहीं. म्हणून कित्येक दुकानदार इंग्रजी नांवाचा कल मराठीवर जसाच्या तसा लादतात, आणि नियम पाळूनहि नांव वाचतां येत नाहीं. ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ यांत भेद तो केवढा! शिरोरेघेंतला लहानसा खंड आणि एक गांठ. जाड रेघ दोन्ही गिळून टाकते. तेव्हां पाटी रंगविण्यापूर्वीं ‘घर’ आणि ‘धर’ हे शब्द त्याच ठशांत एकाखालीं एक काढावे, आणि रस्ता ओलांडून पलीकडून वाचून पाहावे.