कर्ता कोण?
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



शुक्रवार पेठेतल्या आपल्या शाळेत पुन्हा बोलायला उभा राहिलो आणि हाताला घाम फुटला. संयोजक म्हणाले, "तू नेमकं काय करतोस ते सांग. तुझ्या आईलाही नीट सांगता येत नाही."

मी मेडिकल कोडर आहे. अमेरिकेतले डॉक्टर रुग्ण तपासून टिपण लिहितात. ते वाचून प्रत्येक आजाराला ठरलेला कोड द्यायचा, हे माझं काम. साधा उच्च रक्तदाब म्हणजे आय १०. टाइप टू मधुमेह, गुंतागुंत नसेल तर ई ११.९, त्याच मधुमेहाने मूत्रपिंडाचा जुनाट आजार जडला असेल तर ई ११.२२. मूळ यादी जागतिक आरोग्य संघटनेची; अमेरिकेने वाढवलेल्या यादीत सुमारे ७०,००० कोड आहेत. विमा कंपनी बिल तपासते ती हे कोड पाहून.

हल्ली मी टिपण उघडण्याआधीच कृत्रिम बुद्धिमत्तेने कोड सुचवलेले असतात. शंभर पानांची फाइल ती क्षणात वाचते, माझ्या नजरेतून निसटलेलं दाखवते. हे कबूल करायलाच हवं.

आता माझी चूक सांगतो. संध्याकाळची घाई होती. एका महिलेच्या टिपणावर यंत्राने स्तनाच्या कर्करोगाचा कोड सुचवला आणि मी 'मान्य' दाबलं. दुसऱ्या दिवशी तपासणीत सापडलं. वाक्य होतं, रुग्णाच्या आईला स्तनाचा कर्करोग होता. त्याचा कोड वेगळा, झेड ८०.३, म्हणजे कुटुंबातला इतिहास. न झालेला कर्करोग त्या बाईच्या नावावर चढणार होता. यंत्राने शब्द ओळखला, कर्ता ओळखला नाही. आणि मी तर वाक्यच वाचलं नव्हतं.

माझे आजोबा हातमागावर, वडील यंत्रमागावर. वडील सांगायचे, बाणा तुटला की माग थांबतो, मग माणसाने धागा जोडायचा. आमचं यंत्र थांबत नाही. धागा तुटला तरी विणत राहतं, आणि कापड वरून छान दिसतं. म्हणून तिथे माणूस हवा. आमच्या टेबलावरची माणसं मात्र कमी झाली आहेत. उद्या माझी खुर्ची राहील का, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

तुमची मुलं या कामात येणार असतील तर त्यांना शरीरशास्त्र शिकवा आणि भाषाही शिकवा. डॉक्टरांनी 'न्यूमोनिया असावा' लिहिलं, तर बाह्यरुग्णाला न्यूमोनियाचा कोड देत नाहीत. खोकला, ताप एवढंच नोंदवतात. 'आहे' आणि 'असावा' यांतला फरक ज्याला कळतो, तोच यंत्राची चूक पकडतो.

मराठीच्या बाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत. बाई, कर्ता चुकला म्हणून तुम्ही माझे दोन गुण कापले होते. तेव्हा राग आला होता. आज सगळ्यांसमोर सांगतो, ते बरोबरच होतं.