नालाची कड

घोड्याला चार नाल लागतात, बैलाला आठ. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एकेका पायाला दोन पत्र्या. हे गणित मला शाळेआधी मामूंनी शिकवले. हिंगणघाटच्या कापूस बाजाराबाहेर ते नालबंदी करीत. हंगामात गाड्यांची रांग लागे. शेतकरी म्हणत, ‘‘चाचा, नाल पक्का बसवजा, परतीची वाट लांब हाय.’’

मामू लोखंडी पट्टी तापवून ठोकत आणि मग कानशीने घासत. पण सगळीकडे सारखी नव्हे. खुराला टेकणारी बाजू अगदी सपाट, कारण तिथे उंचवटा राहिला की बैल लंगडतो. बाहेरची कड गोल, कारण उठता-बसताना ती दुसऱ्या पायाला लागते. जमिनीकडची बाजू मात्र ते हातोड्याच्या खुणांसकट सोडून देत. डांबरी रस्त्यावर, तेही उतारावर, भरल्या गाडीचा बैल घसरला तर जोडीदारालाही घेऊन पडतो.

यंत्रावर माझा राग नाही. अमेरिकेत हेन्री बर्डन यांनी १८३५ मध्ये नाल घडवणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले; पुढे त्यांचे यंत्र मिनिटाला ६० नाल पाडू लागले. आणि ज्या गांधीजींचे नाव घेऊन आपल्या वर्ध्यात हात की यंत्र हा वाद रंगतो, त्यांनी शिवणयंत्राला अपवाद केला होता. हे आम्ही वर्धेकर सोयीने विसरतो.

अडचण आहे ती चकचकीतपणाच्या हौसेत. विजेचा ग्राइंडर हाती आला की तो सगळ्याच बाजूंवर फिरतो. जमिनीकडची बाजू आरशासारखी होते आणि बैलाची पकड जाते. नाल ठोकल्यावर वळवलेली खिळ्यांची टोके साफ करतानाही चाक खुरावर उतरते. बैलाच्या खुराची भिंत घोड्याच्या मानाने पातळ. तिचा वरचा थर गेला की खूर सुकतो, खिळे ढिले पडतात. शिवाय त्या आवाजाने पाडलेला बैल बुजतो. आपला गवळाऊ तर मुळातच चपळ.

माझ्या ओळखीचा एक तरुण नालबंद पत्रीच्या कडा घरी ग्राइंडरवर मोडून आणतो आणि बैलाजवळ फक्त कानस काढतो. मला ही वाटणी पटते. तुमचा बैल पाडलेला असेल तेव्हा नालाच्या कडेवरून एकदा बोट फिरवा. बोचली, तर ‘आणखी घास’ म्हणायला लाजू नका. दहा मिनिटे जास्त लागतील.