शेळी वाढवते कोण, तोलते कोण?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात झालेले भाषण)



आपल्या मंडळात आरोग्यावर बोलणे होते, मुलांच्या अभ्यासावर होते, भरतकाम-शिवणकामावर होते. शेळ्याबोकडांवर आणि मटणाच्या विक्रीवर व्याख्यान होण्याची ही बहुधा पहिलीच वेळ. चिटणीसबाईंनी “घरच्या जोडधंद्यावर बोला” असे सांगितले, तेव्हा मी त्यांना आधीच विचारून घेतले की, आपल्यात माळकरी घरच्या आहेत, श्रावण पाळणाऱ्या आहेत, त्यांना हे चालेल ना? त्या म्हणाल्या, “खाणे न खाणे ज्याच्या त्याच्या घरी, हिशेब तर सगळ्यांनाच कळला पाहिजे.” तेव्हा मी आज हिशेबाचेच बोलणार आहे.

आमचे घर धाराशिव जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगराच्या कडेला. तीन एकर जमीन, तीही कोरडवाहू. पाऊस झाला तर सोयाबीन आणि तूर, नाही झाला तर नुसते आभाळाकडे बघणे. अशा घराला वर्षभर सांभाळते ती शेळी. आमच्या जिल्ह्याचे नाव २०२३ साली बदलले, पण शेळीचे नाव अजून ‘उस्मानाबादी’च आहे. रंगाने बहुतेक काळी, उंच पायांची, काटक. गाभण राहिल्यापासून पाच महिन्यांत विते आणि पुष्कळदा जुळी करडे देते. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात एक कोटीहून अधिक शेळ्या मोजल्या गेल्या. त्यांतल्या किती तरी अशाच दोन-चारच्या संख्येने आपल्यासारख्यांच्या अंगणात बांधलेल्या आहेत. १९७२ च्या दुष्काळात बैल गेले, पण बाभळीच्या शेंगांवर दोन शेळ्या तगल्या आणि त्यांच्या दुधावर लेकरे तगली, असे आमच्या सासूबाई सांगत असत.

आता मला सांगा, या शेळ्यांचे सगळे करते कोण? पहाटे उठून लेंड्या झाडते कोण? शेवरीचा, सुबाभळीचा पाला आणते कोण? व्यायला झालेल्या शेळीपाशी रात्री कंदील घेऊन बसते कोण? अशक्त करडाला बोट चोखवून दूध पाजते कोण? आपणच. आणि बोकड विकायच्या दिवशी दावे कोणाच्या हातात असते? तिथे आपण नसतो. आपण वाढवतो हाताने आणि ते विकले जाते दुसऱ्याच्या नजरेने. या दोहोंच्या मध्ये जे हरवते, त्याविषयी मला बोलायचे आहे.

जनावरांच्या बाजारात सौदा कसा होतो, हे पुष्कळ जणींनी पाहिले नसेल. व्यापारी बोकडाच्या पाठीवर हात ठेवतो, कमरेचे मांस चिमटीत धरून पाहतो, एखाद्या वेळी पुढचे दोन पाय उचलून बघतो. मग रुमालाखाली हातात हात घालून बोटांनी भाव सांगतो. शेजारी उभे असलेल्याला भाव कळत नाही आणि पुष्कळदा विकणाऱ्यालाही वजन कळत नाही. मी व्यापाऱ्याला चोर म्हणणार नाही. तो आठवड्याला पन्नास-शंभर जनावरे हाताळतो, त्यामुळे त्याचा हात हाच त्याचा तराजू झालेला असतो. आपण वर्षाकाठी दोन-तीन बोकड विकणार. आपल्या हाताला तो सराव कुठून येणार? शिवाय तो बोकडाबरोबर आपला चेहराही तोलतो. शाळेची फी भरायची आहे, दवाखान्याचे बिल द्यायचे आहे, खत उचलायचे आहे, हे त्याला न सांगता समजते. गरजवंताचा माल नेहमी हलका भरतो.

आमच्या घरची गोष्ट सांगते. माझ्या धाकट्या जाऊबाईंच्या मुलीला परिचारिकेच्या अभ्यासक्रमात जागा मिळाली. आठ दिवसांत पैसे भरायचे होते. जाऊबाईंकडे विकण्यासारखे दोनच बोकड होते, दोन्ही खच्ची केलेले, त्यांनी स्वतः वाढवलेले. भाऊजींच्या ओळखीचे एक व्यापारी दारात आले. त्यांनी दोन्हींची मिळून एक रक्कम सांगितली आणि दाव्याला हात घातला. जाऊबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. एरवी फार न बोलणारी बाई, पण त्या दिवशी म्हणाल्या, “सोयाबीन तोलून देतो, तूर तोलून देतो, मग बोकड डोळ्यांनी का द्यायचा?” शेजारच्या खळ्यावर धान्याचा लटकता काटा होता. तो आंब्याच्या फांदीला बांधला, पोत्याची झोळी केली आणि एकेक बोकड तोलला. एक भरला सत्तावीस किलो, दुसरा चोवीस. व्यापारी हसले, पण त्यांनी रक्कम वाढवली. तरीही जाऊबाईंच्या हिशेबाला ती कमीच होती. त्यांनी मोठा बोकड वजनाच्या भावाने दिला, पहिल्या हप्त्याची सोय केली आणि धाकटा ठेवून घेतला. आखाडात त्याचे वाटे घालून दुसरा हप्ता भरला.

यात सगळे गोडच झाले असे नाही. ओळखीच्या माणसापुढे बायकोने काटा बांधला म्हणून भाऊजी चार दिवस कोणाशी धड बोलले नाहीत. दुसऱ्या बोकडाचे पैसे जाऊबाईंनी बँकेत स्वतःच्या खात्यात ठेवले, त्यावरूनही कुरबूर झाली. पण मुलगी शिकायला गेली. आणि आता भाऊजी स्वतःच बाजाराला निघण्यापूर्वी विचारतात, “तोलला का?”

काटा सगळ्यांजवळ नसतो. पण शिवणाची टेप तर आपल्या मंडळातल्या प्रत्येकीजवळ आहे! जनावर सपाट जागी सरळ उभे करा. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर इंचांत मोजा. मग खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागल्या हाडाच्या टोकापर्यंत लांबी मोजा. घेराला घेराने गुणा, येईल त्याला लांबीने गुणा आणि ६६० ने भागा. येणारा आकडा हे अंदाजे किलोतले वजन. घेर २६ इंच आणि लांबी २४ इंच असेल, तर वजन साडेचोवीस किलोच्या आसपास येते. एखाद-दोन किलोचा फरक पडेल, पण रुमालाखालच्या अंदाजापेक्षा हा अंदाज आपल्या बाजूचा आहे. लहान करडू असेल तर त्याला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभे राहा आणि मग आपले एकटीचे वजन वजा करा. तोलायचे ते मात्र सकाळी, चारापाण्याच्या आधी. पोटभर पाणी पाजून वजन वाढवणे ही लबाडी व्यापाऱ्याला माहीत असते आणि एकदा ती उघडी पडली की आपल्या काट्यावर पुन्हा कोणी विश्वास ठेवत नाही.

आता पैशांचा हिशेब पाहू. २५ किलोच्या बोकडाचे मटण साधारण निम्म्याला थोडे कमी, म्हणजे १२ किलोच्या आसपास पडते. मुंडी, पाय, वजडी आणि चामडे वेगळे. मटणाचा भाव किलोला ८०० रुपये धरला तर नुसत्या मटणाचे ९,६०० रुपये झाले. जिवंत बोकडाचा भाव ३५० रुपये किलो धरला तर त्याचे ८,७५० होतात. मधल्या फरकात आणि वरच्या मालात कापणाऱ्याची मजुरी, गाडीभाडे आणि व्यापाऱ्याचा नफा आला; तो त्याला मिळायलाच हवा. पण त्याने डोळ्यांनी पाहून २५ चे २० किलो ठरवले, तर आपले १,७५० रुपये गेले. हे काही त्याच्या कष्टाचे पैसे नव्हेत, ते आपल्या अज्ञानाचे आहेत.

दुसरी गोष्ट वेळेची. मटणाला वर्षभर सारखी मागणी नसते. आषाढात, श्रावण लागण्याच्या आधी, घरोघरी मटण शिजते. श्रावणात भाव बसतो. धुळवडीला मागणी असते, गावच्या जत्रेत कंदुरीला असते. बकरी ईदला वर्षाचा पुरा, निर्दोष, देखणा बोकड लागतो आणि त्याला चांगली किंमत येते. ही ईद दर वर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकते. २०२५ साली ती ७ जूनला होती. तेव्हा कॅलेंडर पाहून उलटे मोजावे. पोटात पाच महिने आणि बाहेर वर्षभर, असा हिशेब धरला म्हणजे शेळी केव्हा फळवायची ते कळते. गरज पडली की विकायचे, याऐवजी विकायचे दिवस आधी ठरवून ठेवले तर घासाघीस आपोआप कमी होते.

तिसरी गोष्ट वाट्यांची. आमच्या गावात पाच-दहा घरे आधी नावे सांगतात, मुलाणीचाचा बोकड कापतात आणि सारखे वाटे घालतात. प्रत्येक वाट्यात थोडी कलेजी, थोडी चाप, थोडे हाड. खाणाऱ्याला माहीत असते की हा बोकड कोणाच्या दावणीचा, काय खाऊन वाढला. वाढवणाऱ्या बाईलाही मधला खर्च वाचून दोन पैसे जास्त मिळतात. पण शेजाऱ्यांना खाऊ घालायचे तर जबाबदारीही येते. आजारी जनावर कापू नये. सुईचे औषध दिले असेल तर डॉक्टरांनी सांगितलेले दिवस उलटल्याशिवाय त्याचे मटण कोणाला देऊ नये. कत्तलखान्यांसंबंधी २००१ चे नियम आहेत. गाभण किंवा तीन महिन्यांच्या आतले पिल्लू असलेली शेळी कापू नये, असे त्यांत सांगितले आहे. नियम नसता तरी आपल्याला ते समजलेच असते. मटण नेहमी विकणार असाल तर २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे लहान विक्रेत्यालाही नोंदणी करावी लागते. ती करून घ्यावी. त्यात कमीपणा नाही.

आणि एक चूक घरोघरी होते, ती सांगते. जे करडू सर्वांत झपाट्याने वाढते, ते सर्वांत आधी विकले जाते, कारण त्याला गिऱ्हाईक लगेच मिळते. मागे राहतो तो किरकोळ बोकड. तोच शेळ्यांना लागतो आणि पुढची पिढी त्याच्यासारखी निपजते. बीजासाठी कणीस मोठे निवडतो, तसा एक चांगला बोकड राखावा. चार-पाच घरांत मिळून एक राखला तरी चालेल. मात्र तो दुसऱ्या कळपातला असावा आणि दोन वर्षांनी बदलावा, म्हणजे बाप-लेकींचा संकर होणार नाही. जुळी देणाऱ्या शेळीची पाठही विकू नये. पावसाळ्यापूर्वी आंत्रविषाराची लस टोचून घ्यावी, पीपीआरची लस चुकवू नये. या रोगाने आठ दिवसांत दावण रिकामी होते आणि मग तोलायला काहीच उरत नाही.

ज्या भगिनी शेळ्या पाळत नाहीत, केवळ विकत घेतात, त्यांनाही माझे एक मागणे आहे. बाजारात भाव करताना “कोणी वाढवली?” एवढे जरूर विचारा. माहितीच्या घरचे, वजनाने दिलेले मटण दोन रुपये महाग असले तरी ते घ्या. ते दोन रुपये एखादीच्या मुलीच्या वहीला लागतील.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवते. दरवर्षी वर्धापनदिनाच्या खर्चातून आपण एखादी उपयोगी वस्तू घेतो. गेल्या वर्षी सतरंज्या घेतल्या. यंदा शंभर किलोचा, शिक्का मारलेला लटकता काटा घ्यावा आणि तो मंडळाच्या खोलीत ठेवावा. आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी जिला हवा तिने न्यावा, वहीत नाव आणि वजन लिहावे आणि परत आणून टांगावा. वर्षाअखेर ती वही उघडली की कोणत्या महिन्यात किती वजनाला किती पैसे आले हे आपल्याच अक्षरात आपल्याला वाचता येईल. व्यापाऱ्याच्या हातात जे ज्ञान आहे, ते हळूहळू आपल्या वहीत येईल. आणि पैसे ज्या बाईने वाढवले तिच्या खात्यात जमा होतात का, हेही त्याच वहीत लिहावे, अशी माझी विनंती आहे. पहिला बोकड तोलायला मी घेऊन येईन.